‘गुण असणे’ आणि ‘गुण येणे’ : लॅव्हेंडरविषयीच्या एका वाक्याची चिकित्सा

१

विज्ञानशाखांतील प्रबंधांचे मराठी सारांश भाषेच्या दृष्टीने पाहून देण्याचे काम भाषाविभागातील अध्यापकाकडे अधूनमधून येते. हे काम शुद्धलेखनाच्या दुरुस्तीपुरते आहे, असा सर्वसाधारण समज आहे. आणि असे समजणाऱ्यांत भाषाविभागातील मंडळीही असतात. ऱ्हस्व-दीर्घ सुधारावेत, लांबलेले वाक्य तोडावे, पारिभाषिक शब्द कोशातून पडताळून पाहावेत आणि कागद परत करावेत. विषयाच्या गाभ्यात शिरण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी ही सोयीची मर्यादा आहे. ती कितपत खरी आहे हे एका उदाहरणाच्या आधारे तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरण औषधी वनस्पतींच्या संशोधनातून घेतले आहे. या क्षेत्रातील निबंधांचा एक साचा ठरून गेला आहे. वनस्पती गोळा करावी, तिचे तेल किंवा अर्क काढावा, चार-सहा जीवाणूंवर त्याचा परिणाम पाहावा, एखाद्या रंगद्रव्याच्या साहाय्याने त्याची ऑक्सिडीभवन रोखण्याची शक्ती मोजावी आणि शेवटी निष्कर्ष मांडावा. मराठीत उतरताना हा निष्कर्ष बहुधा पुढील वाक्याचे रूप घेतो :

‘लॅव्हेंडर ही जंतुनाशक व प्रतिऑक्सिडीकारक गुणधर्म असलेली औषधी वनस्पती आहे.’

हे वाक्य कोणा एका लेखकाचे नाही. या प्रकारच्या लेखनात जे पुनःपुन्हा वाचावयास मिळते त्याचा अर्क म्हणून ते येथे रचून घेतले आहे. व्याकरणदृष्ट्या त्यात काढण्यासारखा दोष नाही. कर्ता, विधेय, विशेषणांचा क्रम, लिंग-वचन हे सर्व यथास्थित आहे. असे असूनही हे वाक्य प्रयोगाने जे दाखवले त्याहून पुष्कळ अधिक सांगते. आणि हे ‘अधिक’ त्यात प्रयोगशाळेतून आलेले नसून भाषेतून आलेले आहे. तसे असल्यास त्याचा जाब भाषेच्या अभ्यासकानेच दिला पाहिजे.

२

प्रथम कर्त्याकडे पाहू. ‘लॅव्हेंडर’ या शब्दाने नेमका कशाचा बोध होतो? वनस्पतिशास्त्रात लॅव्हँड्युला ही तुळशीच्या कुलातील एक प्रजाती आहे आणि तीत चाळीसच्या आसपास जाती येतात. मराठी विश्वकोशाने ‘प्रजाती’ हा शब्द अनेक जातींच्या गटासाठी आणि ‘जाती’ हा शब्द त्या गटातील एकेका घटकासाठी योजला आहे. वृत्तपत्रीय मराठीत मात्र ‘प्रजाती’ हा शब्द ‘जाती’च्याच अर्थाने सर्रास वापरला जातो. पहिला गोंधळ येथेच सुरू होतो. एका जातीविषयी सिद्ध झालेली गोष्ट संपूर्ण प्रजातीच्या नावावर जमा होते, आणि हा व्यवहार कोणाच्या लक्षातही येत नाही.

लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया म्हणजे ज्याला ‘खरे लॅव्हेंडर’ म्हणतात ते. त्याच्या तेलात लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट हे दोन घटक प्रमुख असतात. कापूर नाममात्र असतो. युरोपीय औषधिसंहितेने या तेलात कापराचे प्रमाण १.२ टक्क्यांहून अधिक असू नये असे बंधनच घातले आहे. लॅव्हँड्युला लॅटिफोलियाच्या तेलात कापूर आणि सिनिओल यांचा भरणा मोठा असतो. या दोन जातींच्या संकरातून झालेले लव्हांडिन हे झाड वांझ असते, परंतु तेल भरपूर देते; त्यामुळे बाजारात येणारे त्याचे तेल खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलाहून कितीतरी अधिक असते. लॅव्हँड्युला स्टीकास या जातीच्या तेलात तर बहुधा फेंकोन आणि कापूर हेच मुख्य घटक असतात. शिवाय सह्याद्रीत रानटी उगवणाऱ्या लॅव्हँड्युला बायपिनॅटा आणि लॅव्हँड्युला गिब्सनी या जाती आहेतच; यांपैकी दुसरीचे वर्णन जॉन ग्रॅहॅम यांनी १८३९ साली मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत केले. एवढ्या भिन्न रासायनिक घडणीच्या वनस्पती ज्या एका शब्दात मावतात, तो शब्द शास्त्रीय विधानाचा कर्ता होण्यास असमर्थ आहे, असेच म्हणावे लागेल.

नावाचा इतिहासही बोधप्रद आहे. ‘लॅव्हेंडर’ हा शब्द ‘धुणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला, अशी व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. परंतु मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘लिव्हेंडुला’ असेही रूप आढळते. त्यामुळे मूळ शब्द निळसर रंगाचा वाचक असावा आणि ‘धुण्या’शी त्याची जोड लोकव्युत्पत्तीने नंतर लावली गेली असावी, असा संशय कोशकारांनी व्यक्त केला आहे. तो खरा असो वा नसो. ‘धुणारी म्हणून शुद्ध करणारी, शुद्ध करणारी म्हणून जंतू मारणारी’ ही साखळी मात्र लोकप्रिय लेखनात हमखास भेटते. येथे व्युत्पत्ती पुराव्याच्या आसनावर जाऊन बसते. युनानी वैद्यकातील ‘उस्तुखुद्दूस’ हे नाव याच्या उलट प्रकारचे उदाहरण आहे. ते ग्रीक ‘स्टॉइखास’ या शब्दाच्या षष्ठीच्या रूपावरून अरबीत आले, आणि पहिल्या शतकातील डायस्कोरिडीझ या वैद्याच्या सांगण्याप्रमाणे त्या वनस्पतीचे नाव गॉल देशाजवळच्या स्टीकाडीझ बेटांवरून पडले. म्हणजे हे केवळ स्थळनाम आहे. त्यात गुणाची सूचना नाही. असे असूनही या औषधाला ‘जारूब-ए-दिमाग’, म्हणजे मेंदूची केरसुणी, अशी उपाधी मिळालीच. नाव स्वतः काही सांगत नसले, तर परंपरा त्याला सांगावयास लावते.

३

आता ‘जंतुनाशक’ या विशेषणाकडे वळू. ‘नाशक’ या पदात नाश पूर्ण झाल्याची ध्वनी आहे. कीटकनाशक, तणनाशक, विषनाशक या शब्दांच्या सहवासाने ती अधिकच दृढ झाली आहे. प्रयोगात मात्र सामान्यतः नाश मोजला जात नाही. वाढ थांबली की नाही एवढेच पाहिले जाते. आगर घातलेल्या काचबशीवर जीवाणू पसरतात, मध्ये तेलात भिजवलेली कागदी चकती ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जीवाणू न वाढलेले वर्तुळ किती व्यासाचे आहे ते मिलिमीटरमध्ये मोजतात. त्या वर्तुळातील जीवाणू मेले की केवळ निष्क्रिय राहिले, हे त्या वर्तुळावरून कळत नाही. त्यासाठी निराळी चाचणी करावी लागते. इंग्रजीत या दोन परिणामांना दोन वेगळी नावे आहेत. मराठीतही ‘जीवाणुरोधक’ आणि ‘जीवाणुनाशक’ असा भेद सहज करता येतो. तो केला जात नाही, एवढेच.

या वर्तुळाच्या वाचनातही एक भाषिक गफलत आहे. प्रचलित चकतीचा व्यास ६ मिलिमीटर असतो आणि वर्तुळाचा व्यास चकतीसह मोजला जातो. तेव्हा ‘८ मिलिमीटर’ या नोंदीत प्रत्यक्ष परिणाम चकतीच्या कडेपासून दोन्ही बाजूंना केवळ एकेक मिलिमीटर असतो. शिवाय बाष्पनशील तेल पाण्यात नीट मिसळत नाही. आगरमधून ते मंद गतीने पसरते आणि काही भाग हवेत उडून जातो. त्यामुळे वर्तुळाचा व्यास तेलाच्या शक्तीइतकाच त्याच्या पसरण्याचाही निदर्शक असतो. असे असता तेलाच्या वर्तुळाची तुलना प्रतिजैविकाच्या वर्तुळाशी करून ‘जवळजवळ तेवढेच प्रभावी’ असा निष्कर्ष काढला जातो. या तुलनेतील मात्रा पाहाव्यात. जेंटामायसिनच्या प्रमाणित चकतीत १० मायक्रोग्रॅम औषध असते. तेलाचे १० मायक्रोलिटर चकतीवर सोडले, तर त्याची घनता सुमारे ०.८८ धरता ते जवळजवळ ८,८०० मायक्रोग्रॅम भरते. म्हणजे आठशे-ऐंशी पट द्रव्य घालून मिळालेले वर्तुळ ‘तेवढेच’ म्हणून सांगितले जाते. ‘तेवढेच’ हा शब्द येथे व्यासाविषयी खरा आणि शक्तीविषयी खोटा आहे.

अधिक विश्वसनीय रीत म्हणजे वाढ रोखण्यास पुरी पडणारी किमान संहती शोधणे. वनस्पतींच्या अर्कांविषयी होणाऱ्या दाव्यांना शिस्त असावी म्हणून रीओस आणि रेसिओ या संशोधकांनी २००५ साली असे सुचवले की, अर्काची ही संहती दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक आणि शुद्ध संयुगाची ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास ‘जीवाणुरोधक’ हा शब्द वापरूच नये. ही सूचना दिसावयास रसायनशास्त्रीय असली, तरी वस्तुतः ती शब्दप्रयोगाची मर्यादा आहे. एखादे विशेषण केव्हा लावावे आणि केव्हा लावू नये याचा आकड्यात सांगितलेला नियम, असे तिचे स्वरूप आहे. ही सीमा नसेल तर मीठ, साखर आणि व्हिनेगरदेखील ‘जंतुनाशक गुणधर्म असलेले’ ठरतात. आणि लोणच्याच्या बरणीपुरते ते खरेही असते.

‘जंतू’ हा एकवट शब्दही तपासण्याजोगा आहे. ग्राम यांनी १८८४ मध्ये वर्णिलेल्या रंजनपद्धतीने जीवाणूंचे दोन मोठे वर्ग पडतात. ग्राम-ऋण जीवाणूंच्या भोवती एक जादा बाह्यपटल असते आणि तेलातील घटकांना ते पुष्कळदा अडवते. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जखमा चिघळवणारा जीवाणू तर अशा तेलांना विशेष दाद देत नाही. एका जीवाणूवर परिणाम झाला आणि दुसऱ्यावर झाला नाही, तर ‘जंतुनाशक’ या समासातील ‘जंतू’ हे पद कोणते वचन घ्यावे? समासात विभक्तीप्रमाणे वचनही लोपते. मराठी लेखकाला ही सोय वाटते. वाचक मात्र त्या लोपलेल्या वचनाच्या जागी ‘सर्व’ असे वाचतो.

४

‘प्रतिऑक्सिडीकारक’ या शब्दाची घडण अभ्यासकाने जरूर पाहावी. मराठी विश्वकोशाने ‘ऑक्सिडीभवन’ हे रूप स्वीकारले. इतरत्र ‘ऑक्सिडीकरण’ही आढळते. दोन्ही रूपे संस्कृतातील च्वि-प्रयोगाच्या धर्तीवर सिद्ध केलेली आहेत : जे तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे. ‘भवन’ म्हटले की क्रिया आपोआप घडते. ‘करण’ म्हटले की कोणी करणारा मानावा लागतो. ‘प्रतिऑक्सिडीकारक’ या शब्दात करणारा कल्पिलेला आहे आणि त्याच्या विरुद्ध उभा राहणारा योद्धाही कल्पिलेला आहे. ‘मुक्त मूलकांशी लढणारा’ हे लोकप्रिय रूपक याच रचनेतून वर येते.

प्रत्यक्षात चाचणी कशी होते? डी.पी.पी.एच. या संक्षेपाने ओळखले जाणारे एक स्थिर मुक्त मूलक आहे. १९२२ मध्ये ते प्रथम तयार झाले आणि १९५८ मध्ये ब्लोइस यांनी प्रतिऑक्सिडीकारकांच्या मापनासाठी त्याचा उपयोग सुचवला. त्याचा विद्राव गडद जांभळा असतो. त्यात हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देऊ शकणारे द्रव्य टाकले की तो पिवळट होतो. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाचे शोषण किती घटले यावरून द्रव्याची शक्ती ठरते. हे मूलक मनुष्याच्या शरीरात कोठेही नसते. ज्या द्रव्याला आपण योद्धा म्हणतो, ते या प्रक्रियेत स्वतःच ऑक्सिडीभूत होते. ते दान करते आणि संपते. लढाईचे रूपक येथे मुळातच बसत नाही.

लॅव्हेंडरच्या बाबतीत आणखी एक विपर्यास आहे. त्याच्या तेलातील मुख्य घटक लिनॅलूल हा हवेच्या संपर्कात राहिल्यास स्वतः ऑक्सिडीभूत होतो, आणि त्यातून होणारी हायड्रोपेरॉक्साइडे त्वचेवर अ‍ॅलर्जी उत्पन्न करू शकतात. ज्या कुपीवर ‘प्रतिऑक्सिडीकारक’ असे छापावे, ती कुपी उघडी ठेवल्यास तिच्यातच ऑक्सिडीभवन चालू होते. हा निसर्गातील विरोध नव्हे. तो आपल्या नामकरणातील विरोध आहे.

चाचणीतील आकडा शरीराला लागू करण्याची घाई किती महागात पडते, याची उदाहरणे इतिहासात आहेत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना बीटा-कॅरोटीन दिले होते त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. बीटा-कॅरोटीन हे प्रतिऑक्सिडीकारकच मानले जाते. अमेरिकेच्या कृषिखात्यानेही खाद्यपदार्थांच्या अशा शक्तीचे एक कोष्टक प्रसिद्ध केले होते. व्यापारी त्यातील आकड्यांचा गैरवापर करतात असे आढळल्यावर २०१२ मध्ये ते मागे घेण्यात आले. आकडे चुकीचे होते असे नव्हे; ते परीक्षेतील गुणांप्रमाणे वाचले जाऊ लागले होते.

५

वाक्यातील सर्वांत लहान पद सर्वांत अधिक दिशाभूल करणारे असावे, हे पाहून प्रस्तुत लेखकाला प्रथम आश्चर्य वाटले. ते पद म्हणजे ‘व’ हे उभयान्वयी अव्यय.

‘जंतुनाशक व प्रतिऑक्सिडीकारक’ असे म्हटले की दोन्ही विशेषणे एकाच द्रव्याची आहेत असा बोध होतो. वस्तुस्थिती अशी की, जीवाणूंवरील परिणाम बहुतेक वेळा बाष्पनशील तेलाचा पाहिलेला असतो. ते तेल वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून काढतात. डी.पी.पी.एच. चाचणीत हे तेल सामान्यतः दुबळे ठरते. त्या चाचणीत चांगली कामगिरी दिसते ती पाण्यात किंवा मद्यार्कात काढलेल्या अर्काची. आणि तिचे श्रेय रोझमरिनिक अम्लासारख्या फिनॉलवर्गीय संयुगांकडे जाते. रोझमरिनिक अम्ल बाष्पनशील नाही, म्हणून ते वाफेबरोबर तेलात उतरत नाही. म्हणजे एक गुण तेलाचा आणि दुसरा अर्काचा. तेलात दुसऱ्याचे कारण नाही आणि अर्कात पहिल्याचे कारण बव्हंशी नाही. ही दोन निराळी द्रव्ये ज्या एका झाडातून काढली ते झाड ‘व’ने जोडलेल्या दोन्ही विशेषणांचे धनी ठरते. वाचक दुकानात जातो तो तेलाची कुपी आणावयास. आणि मनात दोन्ही विशेषणे घेऊन येतो.

येथे संशोधकाने असत्य काहीच सांगितलेले नाही. झाडाविषयी दोन्ही विधाने खरी आहेत. असत्य उत्पन्न झाले ते संक्षेपातून. आणि संक्षेप हे तर सारांशलेखनाचे भूषण मानले जाते.

६

आता मुख्य शब्दाकडे येऊ. ‘गुणधर्म’ हा शब्द मराठीत शास्त्रीय वाटतो. परंतु त्याच्या पोटात ‘गुण’ आहे आणि तो मराठीत फार जुना आणि फार बोलका शब्द आहे. औषधाच्या संदर्भात मराठी माणूस ‘गुण’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर वापरतो. ‘या पाल्यात गुण आहे’ असे तो म्हणतो आणि ‘या औषधाचा मला गुण आला’ असेही म्हणतो. वैद्याच्या ‘हाताला गुण’ असतो तो याच दुसऱ्या अर्थाने. पहिल्या प्रयोगात गुण म्हणजे द्रव्याच्या ठिकाणी असलेली शक्ती. दुसऱ्यात गुण म्हणजे रोग्याच्या ठिकाणी दिसलेला उतार. ‘असणे’ आणि ‘येणे’ या दोन क्रियापदांमधील अंतर म्हणजेच प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांमधील अंतर आहे. आपली भाषा हे अंतर क्रियापदाने दाखवते, पण नाम एकच ठेवते. म्हणून ‘जंतुनाशक गुण आहे’ हे वाचताच ‘जखमेला गुण येईल’ ही अपेक्षा वाचकाच्या मनात अनुमानावाचून उमटते. इंग्रजी वाचकाला या उडीसाठी निदान दुसरा शब्द वापरावा लागतो. मराठी वाचकाला तेवढेही करावे लागत नाही.

ही उडी निरुपद्रवी नाही. मधुमेही माणसाच्या पायाला झालेली लहानशी जखम, भाजलेल्या बालकाचा हात, बाळंतिणीचा ताप अशा प्रसंगी दोन-चार दिवसांचा विलंब हा भाषेचा प्रश्न राहत नाही. आणि असा विलंब करणारा माणूस अडाणी असतोच असे नाही. पुष्कळदा त्याने ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे वाचलेले असते.

या उडीचे प्रसिद्ध उदाहरण लॅव्हेंडरच्या इतिहासातच आहे. गटेफॉसे या फ्रेंच रसायनज्ञाचा हात १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात भाजला. लोकप्रिय कथेत तो चुकून लॅव्हेंडरच्या तेलाच्या भांड्यात हात बुडवतो, वेदना नाहीशी होते आणि व्रणही राहत नाही. त्याने स्वतः १९३७ च्या आपल्या पुस्तकात दिलेली हकीकत निराळी आहे : जखमांत वायुकोथ पसरू लागला होता आणि लॅव्हेंडरच्या तेलाने हात धुतल्यावर तो थांबला, असे तो सांगतो. ही हकीकतही एका माणसाची, तुलनेवाचूनची आहे. परंतु तीत निदान धोका आहे, काळ आहे, कृती आहे. कथेने धोका गाळला आणि गुण ठेवला.

यावर कोणी म्हणेल की हा दोष आपल्या वैद्यकपरंपरेचा आहे. तसे मुळीच नाही. वैशेषिकांनी द्रव्य, गुण आणि कर्म हे तीन स्वतंत्र पदार्थ मानले, आणि आयुर्वेदाने हा भेद आपल्या पद्धतीने पत्करला. गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो. कर्म हे घडावे लागते. जीवाणूंची वाढ रोखणे हे या परिभाषेत उघडच कर्म आहे. ते केवळ तेलात नसते. अमुक तेल, अमुक जीवाणू, अमुक संहती आणि अमुक काळ एकत्र आल्यावर ते घडते. औषधयोजनेतील युक्ती मात्रा आणि काल यांवर अवलंबून असते, हे चरकाने स्पष्ट सांगितले आहे. इंग्रजी निबंधांत ‘क्रियाशीलता’ या अर्थाचा जो शब्द योजलेला असतो तो कर्माच्या जवळचा आहे. मराठीत आणताना आपण त्याचे ‘गुणधर्म’ करतो. म्हणजे परंपरेजवळ आणि परकीय मूळ लेखाजवळ, दोहोंजवळ, जो विवेक होता तो मधल्या भाषांतरात हरवला.

७

उरले ‘औषधी वनस्पती’ आणि ‘आहे’. चरकाच्या वर्गीकरणात वनस्पती, वानस्पत्य, वीरुध आणि ओषधी हे चार निरनिराळे वर्ग आहेत. फूल न दिसता फळ धरणारी ती वनस्पती आणि फळ पिकल्यावर मरणारी ती ओषधी. आज दोन्ही शब्दांचे अर्थ विस्तारले आहेत; त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु ‘औषधी’ हे आता विशेषण झाले असून त्याने मूळ प्रश्न आधीच सोडवून टाकलेला असतो. ज्या वनस्पतीत औषधाचा अंश आहे की नाही हे शोधावयाचे, तिला पहिल्या ओळीतच ‘औषधी’ म्हटल्यावर शोधावयाचे काय राहिले?

‘आहे’ हे क्रियापद काळ दाखवते, परंतु येथे ते कालातीत सत्याचे वाचक होते. ‘सूर्य उष्ण आहे’ यातील ‘आहे’ आणि या वाक्यातील ‘आहे’ एकाच जातीचे वाटतात. वस्तुतः सांगावयाचे असते ते एका विशिष्ट दिवशी विशिष्ट बशीत काय आढळले ते. मराठीत यासाठी उत्तम साधने आहेत. भूतकाळी सकर्मक प्रयोगात करणाऱ्याला ‘-ने’ प्रत्यय लागतो आणि क्रिया घडून गेल्याचे स्पष्ट होते : ‘तेलाने वाढ रोखली.’ येथे ‘तेलाने’ हे कर्त्याचे रूप की करणाचे, असा संदेह राहतो खरा. पण तो संदेह हितकारकच आहे, कारण तेल वापरणारा प्रयोगकर्ता त्यामुळे वाक्याच्या कडेला उभा राहतो. ‘रोखल्याचे आढळले’ असे म्हटले की पाहणाराही आत येतो.

एक आक्षेप विचारात घेणे न्याय्य होईल. शास्त्रज्ञांना हे सर्व ठाऊक असते, ही केवळ शब्दांची कीस काढणे आहे, असे म्हटले जाईल. शास्त्रज्ञांना ते ठाऊक असते हे मान्य आहे. परंतु शास्त्रज्ञ मूळ निबंध वाचतात. मराठी सारांश ते वाचत नाहीत. मराठी सारांश ज्यांच्यासाठी लिहिला जातो त्यांना चकतीचा व्यास माहीत नसतो. ज्या वाचकाला शंका घेण्याची साधने नाहीत, त्याच्यासाठी लिहिताना अधिक काटेकोर असावे लागते. आपण नेमके उलट करतो.

या चिकित्सेने लॅव्हेंडरचे महत्त्व कमी होत नाही. जम्मूकडील भद्रवाहच्या परिसरात शेतकरी त्याची लागवड करतात, आणि त्याच्या तेलाला सुगंधद्रव्य म्हणून मोल आहे. औषध म्हणूनही त्याच्याविषयी नीट बांधलेली विधाने उपलब्ध आहेत. सिलेक्सान या नावाने तयार केलेले लॅव्हेंडरचे तेल रोज ८० मिलिग्रॅम या मात्रेत प्रौढ रुग्णांना काही आठवडे पोटात देऊन, निष्क्रिय कुपीशी तुलना करून, चिंतेच्या लक्षणांवरील त्याचा परिणाम तपासला गेला आहे. युरोपीय औषधसंस्थेच्या समितीने २०१२ मध्ये या तेलाला मान्यता दिली ती मानसिक ताणाची सौम्य लक्षणे आणि झोप यांपुरती. आणि तीही दीर्घ परंपरागत वापराच्या आधारावर, असे स्पष्ट नमूद करून. या मान्यतेत जीवाणूंचा उल्लेख नाही. ज्या गुणाचा गवगवा अधिक, त्याला मान्यता नाही. आणि ज्याला मर्यादित मान्यता आहे, तो आपल्या नमुनावाक्यात नाहीच.

८

तेव्हा ते वाक्य कसे असावे? एक पर्याय पुढीलप्रमाणे मांडता येईल :

‘लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलियाच्या फुलांतून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलाने अमुक जीवाणूची वाढ अमुक संहतीला प्रयोगशाळेत रोखल्याचे आढळले. त्याच फुलांच्या मद्यार्कातील अर्काने डी.पी.पी.एच. मूलकाचे शमन केल्याचे आढळले. यांपैकी कोणताही परिणाम मनुष्यशरीरात तपासलेला नाही.’

एका वाक्याची तीन वाक्ये झाली. ‘व’ गेला, ‘नाशक’ गेले, ‘गुणधर्म’ आणि ‘औषधी’ गेले. ‘आहे’च्या जागी ‘आढळले’ आले. जे आले त्यातील एकही शब्द दुर्बोध नाही आणि कोशात नव्याने घडवावा लागलेला नाही. शास्त्रीय मराठी पुरेशी सिद्ध नाही, तीत परिभाषा अपुरी आहे, अशी तक्रार आपण नित्य करतो. या उदाहरणात तरी परिभाषेची उणीव आडवी आली नाही. उणीव होती ती मराठीजवळ असलेल्या साध्या भेदांचा उपयोग करण्याची : रोखणे आणि मारणे, तेल आणि अर्क, घडणे आणि असणे, गुण असणे आणि गुण येणे.

सारांश तपासावयास येईल तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ अवश्य सुधारावेत. त्यानंतर समासात कोणते वचन लोपले आहे, ‘व’ने कोणती दोन द्रव्ये एकत्र बांधली आहेत आणि ‘आहे’च्या जागी काय बसावयास हवे होते, हे तीन प्रश्न समासपट्टीत लिहून कागद परत करावेत. त्यांची उत्तरे देण्याचे काम विज्ञानाच्या अभ्यासकाचे. ते विचारण्याचे काम मात्र आपलेच आहे.